रिमोट डेस्कटॉप सर्व्हर सुरू होत नसेल तर : निदान आणि उपचार

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी आजार, आहार, लसीकरण आणि क्वचित प्रवासवर्णने यांना स्थान मिळते. यंदा दवाखान्यातील संगणकाविषयी काही लिहावे असा संपादकांचा आग्रह झाला. तेव्हा एका छोट्या, परंतु वारंवार अडवणाऱ्या विषयावर लिहावयाचे मी ठरविले. रिमोट डेस्कटॉप सर्व्हर सुरू करताना दिलेली आज्ञा यंत्र नाकारते, किंवा आज्ञा स्वीकारूनही पडदा दिसत नाही, अशा वेळी काय करावे? विषय अभियंत्यांचा वाटेल. तथापि त्याची उकल करण्याची रीत आपल्या बाह्यरुग्ण विभागातील रीतीहून फारशी निराळी नाही, असा माझा अनुभव आहे. ज्यांचा वैद्यकाशी संबंध नाही, पण ज्यांची मुले पुण्या-बेंगळुरूहून घरचा संगणक दुरून दुरुस्त करून देतात, अशा वाचकांनाही यातील बराच भाग उपयोगी पडावा.

बैहरसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. आपले गाव मैकल डोंगररांगांच्या पठारावर आहे, येथे रेल्वे नाही, आणि बालाघाट गाठावयाचे तर घाट उतरावा लागतो. बैहर, बिरसा आणि परसवाडा या भागांतील गोंड व बैगा कुटुंबे आपल्याकडे येतात, आणि पुढील उपचारांसाठी बालाघाट, गोंदिया किंवा नागपूरकडे जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि नागपूर राजधानी म्हणून दुरावले, पण रुग्णांची वाट मात्र बदलली नाही. म्हणजे रुग्ण फिरतो, डॉक्टरही परिषदेनिमित्त किंवा घरच्या कार्यानिमित्त फिरतो. जागचा हलत नाही तो दवाखान्यातील संगणक, आणि त्यातच बाळाची सारी नोंद असते. ती नोंद दूरवरून वाचता यावी, याचसाठी रिमोट डेस्कटॉप.

हा सर्व्हर म्हणजे नेमके काय?

एका संगणकाचा पडदा दुसऱ्या संगणकावर उमटवावयाचा आणि दुसऱ्याच्या कळफलकाने व माउसने पहिला चालवावयाचा, एवढेच हे काम आहे. पडदा पुरविणारा तो सर्व्हर आणि पडदा पाहणारा तो दर्शक, म्हणजे व्ह्यूअर. या पद्धतींपैकी व्हीएनसी ही पद्धत इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. तिचे वर्णन करणारा शोधनिबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. ती प्रयोगशाळा पुढे एटी अँड टी कंपनीकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. परंतु पद्धत मुक्त स्वरूपात उपलब्ध असल्याने तिचे अनेक वंशज निघाले. रिअलव्हीएनसी, टाइटव्हीएनसी आणि टायगरव्हीएनसी ही त्यांतील परिचित नावे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत आज बहुधा टायगरव्हीएनसी आढळते. जुन्या यंत्रावरही सुरळीत चालते आणि परवान्याचा खर्च नाही, म्हणून माझ्या दवाखान्यात लिनक्स आहे. पुढील विवेचन त्याच्याच आधारे आहे.

येथे एक भेद प्रथमच ध्यानी घ्यावा. एक्सव्हीएनसी नावाचा सर्व्हर नवा, अदृश्य पडदा निर्माण करतो. दवाखान्यातील मॉनिटरवर त्याचा मागमूसही दिसत नाही. याउलट एक्स११व्हीएनसी नावाचा सर्व्हर मॉनिटरवर जो पडदा आधीपासून चालू आहे तोच दूर पाठवितो. नावे सारखी, काम निराळे, आणि त्यांचे पर्यायही निराळे. पुढे येणाऱ्या कित्येक तक्रारींचे मूळ या नामसाधर्म्यात आहे.

आज्ञेची ओळ : एक प्रिस्क्रिप्शन

सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा साधारण अशी असते :

व्हीएनसीसर्व्हर :१ -जिऑमेट्री १२८०एक्स८०० -डेप्थ २४

(छपाईच्या सोयीसाठी आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, यंत्रासमोर अक्षरे व अंक रोमन लिपीतच टंकावेत.)

पहिला शब्द म्हणजे औषधाचे नाव. त्यापुढील विसर्गासारखे चिन्ह आणि अंक म्हणजे पडद्याचा क्रमांक. त्यानंतर आडव्या रेघेने सुरू होणारे शब्द म्हणजे पर्याय, अर्थात मात्रा व सूचना. जिऑमेट्री म्हणजे पडद्याची रुंदी व उंची. डेप्थ म्हणजे रंगांची खोली. २४ ही तिची नेहमीची किंमत असून ती बदलण्याचे कारण सहसा पडत नाही. भलतीच किंमत दिल्यास सर्व्हर सुरूच न होण्याची शक्यता असते.

पडद्याच्या क्रमांकाचा आणि जाळ्यावरील दाराचा, म्हणजे पोर्टचा, संबंध पाठच करावा. ५९०० या संख्येत पडद्याचा क्रमांक मिळवावयाचा. पडदा १ असेल तर दार ५९०१, पडदा २ असेल तर ५९०२. क्रमांक दिलाच नाही, तर सर्व्हर पुढचा मोकळा क्रमांक आपण होऊन घेतो. मग सर्व्हर ५९०२ वर बसलेला असतो, आपण ५९०१ ठोठावत राहतो, आणि "सर्व्हर चालू आहे, तरी जोडणी होत नाही" अशी तक्रार करतो. यास्तव क्रमांक नेहमी स्वतः द्यावा आणि तो सुरुवातीलाच द्यावा.

आणखी एक गोष्ट. व्हीएनसीसर्व्हर हा प्रत्यक्ष सर्व्हर नव्हे. तो एक लहानसा मध्यस्थ आहे. काही पर्याय तो स्वतः वापरतो आणि उरलेले एक्सव्हीएनसीकडे जसेच्या तसे पाठवून देतो. त्यामुळे नकार कोणाकडून आला, मध्यस्थाकडून की मूळ सर्व्हरकडून, हे आधी पाहावे लागते.

प्रथम तक्रार ऐकावी

आजारी मूल बोलत नाही, म्हणून आपण आईचे म्हणणे ऐकतो. संगणक मात्र बोलतो. त्याचे म्हणणे वाचण्याचा आपणच कंटाळा करतो. सर्व्हर सुरू होताना तो एका नोंदपत्रात, म्हणजे लॉगमध्ये, आपली हकीकत लिहीत असतो. या नोंदपत्राचा पत्ता बहुधा सुरुवातीसच पडद्यावर दाखविला जातो. जुन्या आवृत्त्यांत ते वापरकर्त्याच्या घरफोल्डरातील डॉट-व्हीएनसी नावाच्या लपलेल्या फोल्डरात यंत्राच्या नावाने व पडद्याच्या क्रमांकाने असते. अलीकडच्या आवृत्त्यांत ही जागा बदलली आहे, म्हणून पडद्यावर दिसलेलाच पत्ता प्रमाण मानावा.

नोंदपत्र वाचताना शेवटच्या ओळीवर समाधान मानू नये. याचे उत्तम उदाहरण जुन्या मध्यस्थात आढळते. एक्सव्हीएनसी कोणत्याही कारणाने सुरू झाला नाही, की मध्यस्थ सांगतो : सर्व्हर सुरू करता आला नाही, आता अक्षरसंचाचा नेहमीचा मार्ग वापरून पाहतो. हे वाचून माणसे अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, पुन्हा बसविण्याच्या मागे लागतात. वास्तविक फॉन्टचा काही दोष नसतो. खरे कारण नोंदपत्रात चार ओळी वर लिहिलेले असते. फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनिया लहान मुलात पोटदुखी म्हणून समोर येतो, आणि पोटच तपासत बसलो तर निदान हुकते. हीदेखील तशीच अन्यत्र जाणवणारी वेदना होय.

नेहमी आढळणारी पाच कारणे

१. पर्याय ओळखीचा नाही. नोंदपत्रात "अनरेकग्नाइज्ड ऑप्शन" असे शब्द आणि त्यापुढे तो पर्याय दिसतो. येथे तीन शक्यता तपासाव्यात. पहिली, स्पेलिंग किंवा लहान-मोठे अक्षर चुकले आहे. दुसरी, आज्ञा वर्ड किंवा व्हॉट्सअॅपवरून उचलून चिकटविली असता साधी आडवी रेघ बदलून लांब रेघ झाली आहे; डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. अशा वेळी ती रेघ पुसून हाताने टंकावी. तिसरी शक्यता सर्वांत अधिक : पर्याय दुसऱ्याच सर्व्हरचा आहे. एक्स११व्हीएनसीला "-फॉरएव्हर" हा पर्याय लागतो, कारण तो न दिल्यास पहिला दर्शक निघून जाताच तो सर्व्हर बंद होतो. तोच पर्याय एक्सव्हीएनसीला दिला, तर तो त्याला परका असतो. एका रुग्णाची चिठ्ठी दुसऱ्याला द्यावी, तसा हा प्रकार.

२. पर्याय ओळखीचा आहे, पण त्याची किंमत चुकली. जिऑमेट्रीत रुंदी व उंची यांमध्ये रोमन एक्स हे अक्षरच हवे. गुणाकाराचे चिन्ह, तारका किंवा मोकळी जागा चालत नाही. "-लोकलहोस्ट" या पर्यायाची गंमत अधिक आहे. मूळ टायगरव्हीएनसीत तो एकटा लिहिला तरी पुरतो; डेबियन व उबंटू यांच्या मध्यस्थात त्यापुढे "येस" किंवा "नो" लिहावे लागते. म्हणून एका मित्राच्या यंत्रावर चालणारी आज्ञा दुसऱ्याच्या यंत्रावर अडखळते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कोणत्या घराण्याची कोणती आवृत्ती आहे, हे "-व्हर्जन" आणि "-हेल्प" हे पर्याय देऊन आधी विचारून घ्यावे.

३. पडदा आधीच व्यापलेला आहे. "या क्रमांकावर सर्व्हर चालू आहे" असा संदेश येतो. कधी तो खरोखरच चालू असतो. "-लिस्ट" पर्यायाने खात्री करावी आणि तोच वापरावा. कधी मात्र सर्व्हर केव्हाच मेलेला असतो आणि टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात त्याची कुलूप-खूण तेवढी मागे उरलेली असते. पडदा १ साठी या खुणा दोन : एक डॉट-एक्स१-लॉक ही फाइल, आणि दुसरी डॉट-एक्स११-युनिक्स या फोल्डरातील एक्स१. कुलूप-फाइलीत सर्व्हरचा प्रक्रिया-क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का, हे पाहिल्याशिवाय खूण पुसू नये. नाडी पाहिल्याखेरीज आपण मृत्यूचा दाखला देत नाही, तोच नियम येथेही लावावा.

४. सर्व्हर सुरू होतो, जोडणीही होते, परंतु पडदा नुसता राखाडी किंवा काळा दिसतो. हा आज्ञेच्या ओळीचा दोष नव्हे. सर्व्हरने कोरी पाटी दिली आहे, तिच्यावर डेस्कटॉप मांडणारी एक्सस्टार्टअप ही फाइल चाललेली नाही. ती फाइल अस्तित्वात आहे का, तिला चालण्याची परवानगी आहे का आणि तिच्यात नाव दिलेला डेस्कटॉप यंत्रावर बसविलेला आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात. येथे पर्याय कितीही बदलले तरी गुण येणार नाही.

५. कृतीच जुनी झाली आहे. टायगरव्हीएनसीच्या १.११ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, सर्व्हर सुरू करण्याची मूळ पद्धत बदलली. आता प्रणालीच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमार्फत तो सुरू करावयाचा असतो. कोणता पडदा कोणत्या वापरकर्त्याचा हे एका फाइलीत, आणि पर्याय दुसऱ्या कॉन्फिग फाइलीत लिहावयाचे असतात. त्या फाइलीत पर्यायाआधी आडवी रेघ नसते. डेबियन घराण्याने जुना मध्यस्थ सांभाळून ठेवला आहे, इतरत्र मात्र पुस्तकात वाचलेली जुनी ओळ जशीच्या तशी चालेल याचा भरवसा नाही.

एका संध्याकाळची उपयुक्तता

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. आपल्या भागात सिकलसेलचा आजार किती कुटुंबांत आहे हे येथील डॉक्टरांना सांगावयास नको. याच राज्यातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. या मुलांत प्लीहेत एकाएकी रक्त साठण्याचा प्रसंग प्राणघातक ठरू शकतो. प्लीहा वाढणे आणि हिमोग्लोबिन त्या मुलाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किमान २ ग्रॅमने उतरणे, ही त्याची ओळख. येथे "नेहमीच्या पातळीपेक्षा" हे शब्द महत्त्वाचे आहेत. हिमोग्लोबिन ६ आहे एवढे कळून भागत नाही. काल-परवापर्यंत ते किती होते हे ठाऊक असावे लागते. भारतीय मुलांत प्लीहा मोठ्या वयापर्यंत टिकून राहते, त्यामुळे केवळ प्लीहा हाताला लागली म्हणूनही निदान होत नाही.

एका रविवारी मी नागपुरास होतो. माझ्याकडे नियमित येणारा सात वर्षांचा मुलगा आईवडिलांसह लग्नासाठी गोंदियास गेला होता आणि तेथे एकाएकी पांढराफटक पडला. त्याचे कार्ड घरी राहिले होते. तेथील डॉक्टरांनी दूरध्वनीवर दोनच प्रश्न विचारले : याचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती, आणि प्लीहा किती बोटे लागत असे? तपासणीत हिमोग्लोबिन ५.९ होते आणि प्लीहा बरगडीखाली ६ सेंटिमीटर. दवाखाना बंद होता, पण संगणक आणि त्याचे खासगी जाळे चालू होते. एसएसएच या सुरक्षित मार्गाने मी यंत्रापर्यंत पोहोचलो आणि सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा दिली. उत्तर आले : पडदा १ व्यापलेला आहे. "-लिस्ट"मध्ये काहीच दिसेना. कुलूप-फाइलीतील क्रमांकाची प्रक्रिया शोधली, ती नव्हती. यंत्राची स्मृती अपुरी पडल्याने प्रणालीने ते सत्र अर्ध्यातच मारले होते, असे तिच्या नोंदीत स्पष्ट लिहिले होते. दोन्ही खुणा पुसल्या, तीच आज्ञा पुन्हा दिली आणि सर्व्हर उभा राहिला. नोंद होती : हिमोग्लोबिन ८.३, प्लीहा २ सेंटिमीटर.

दहा मिनिटांच्या आत तेथील सहकाऱ्यांना आकडे मिळाले आणि निदान पक्के झाले. रक्त थोड्या-थोड्या प्रमाणात देण्याचा निर्णयही त्यावरूनच झाला, कारण प्लीहेत अडकलेले रक्त नंतर परत अभिसरणात येते आणि एकदम भरपूर रक्त दिल्यास हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर चढते. मूल बरे झाले. श्रेय अर्थातच गोंदियाच्या डॉक्टरांचे. मला सांगावयाचे आहे ते इतकेच, की त्या घटकेस दहा निरनिराळे पर्याय चाचपून पाहण्यास वेळ नव्हता. संदेश वाचून त्याच दिशेने जाणे हाच जवळचा रस्ता होता.

स्टेरॉइडचा मोह

निदान न करता ताप-सूज उतरवावयाची असेल तर स्टेरॉइड हे सोपे औषध आहे, आणि ते किती महागात पडते हे आपण जाणतो. सर्व्हरच्या बाबतीत असे दोन "रामबाण" उपाय कोणी ना कोणी सुचवितोच. पहिला, "-लोकलहोस्ट नो", म्हणजे बाहेरच्या कोणालाही दार ठोठावू देणे. दुसरा, "-सिक्युरिटीटाइप्स नन", म्हणजे पासवर्डच काढून टाकणे. दोन्हींमुळे जोडणी बहुधा तत्काळ होते, म्हणूनच ते धोक्याचे आहेत.

येथे समजून घेण्याजोगी गोष्ट अशी, की "-लोकलहोस्ट" चालू असताना बाहेरून जोडणी नाकारली जाणे हा आजार नव्हे. ते शरीराचे संरक्षण आहे. उबंटूसारख्या प्रणालीत ते आपोआपच चालू असते. दार आतून बंद ठेवून एसएसएचच्या बोगद्यातून आत यावे, हा त्यावरील योग्य मार्ग. आपल्या लॅपटॉपवर एसएसएचला "-एल" पर्याय देऊन आपले ५९०१ हे दार दवाखान्याच्या ५९०१ शी जोडावयाचे आणि दर्शकाला लॅपटॉपवरच्याच पडदा १ ला जोडावयास सांगावयाचे. मोबाइल कंपन्यांच्या इंटरनेटवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, म्हणून दवाखाना आणि लॅपटॉप यांच्यात एक खासगी जाळे, म्हणजे व्हीपीएन, आधी जाणकाराकडून बसवून घ्यावे लागते.

व्हीएनसीच्या जुन्या पासवर्डावर फार विसंबू नये, याला कारणे आहेत. त्यात फक्त पहिली ८ अक्षरे धरली जातात. पुढे कितीही लिहिले तरी व्यर्थ. पासवर्ड तपासल्यानंतर पडद्याची वाहतूकही त्या जुन्या पद्धतीत उघडीच चालते. शिवाय मे २००६ मध्ये रिअलव्हीएनसीच्या ४.१.१ या आवृत्तीत असा दोष उघडकीस आला, की दर्शकाने "मला पासवर्डाविना प्रवेश हवा" असे म्हटले, तर सर्व्हर तसा प्रवेश देऊ करीत नसतानाही मान्य करीत असे. पुढच्या आवृत्तीत तो दोष दूर झाला; परंतु उघड्या दाराचा आणि एकाच कुलपाचा भरवसा किती धरावा, हे त्यावरून कळावे.

डेबियनच्या मध्यस्थात या संदर्भात एक मार्मिक सोय आहे. पासवर्ड काढून दारही बाहेरच्यांना उघडावयाचे म्हटले, तर तो सर्व्हर सुरू करावयास नकार देतो. तरीही हट्टच असेल, तर आज्ञेत आणखी एक लांबलचक पर्याय मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो. त्याचा मराठी अर्थ "हे असुरक्षित आहे, मला ठाऊक आहे". वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घरी नेणाऱ्या नातेवाइकांकडून आपण जी सही घेतो, तीच ही. ती सही करण्याचा अधिकार रुग्णालयात नातेवाइकांना असतो. संगणकात ज्या शेकडो मुलांच्या नोंदी आहेत, त्यांच्या आईवडिलांनी मात्र तो आपल्याला दिलेला नाही. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, आणि माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. मोठ्या संस्थाही या संकटातून सुटलेल्या नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोर आज्ञावलीने बंद पाडले आणि पुढे कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली. तेथील वाट निराळी असेल. पण आपल्या एका खोलीच्या दवाखान्यात उघडे ठेवलेले दार शोधणाऱ्याला मोठेच दार हवे असते असे नाही.

यंत्राशेजारी चिकटविण्याचा कागद

माझ्या दवाखान्यात पुढील सात ओळी टंकून संगणकाशेजारी लावल्या आहेत. ज्यांना उपयोग वाटेल त्यांनी त्या जरूर उतरवून घ्याव्यात.

१. दिलेली आज्ञा आणि आलेला संदेश, दोन्ही शब्दशः लिहून घ्या.
२. सर्व्हर कोणत्या घराण्याचा व कोणत्या आवृत्तीचा, हे विचारा.
३. नोंदपत्र उघडा, शेवटून वर वाचत जा आणि पहिली तक्रार शोधा.
४. पडद्याचा क्रमांक तेवढा देऊन, बाकी एकही पर्याय न देता सर्व्हर सुरू करून पाहा.
५. तो सुरू झाला, तर पर्याय एकेक करून वाढवा. एकाच वेळी दोन औषधे सुरू केली, तर पुरळ कोणत्या औषधाने उठले ते कळत नाही.
६. आधी त्याच यंत्रावरून जोडा, मग बोगद्यातून. आतून जोडणी होते व बाहेरून होत नाही, तर दोष आज्ञेत नसून वाटेत आहे.
७. कुलूप काढून जोडणी झाली, तर तो उपचार नव्हे. कुलूप परत लावा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करा.

चौथी आणि पाचवी ओळ सर्वांत कमी पाळली जाते, कारण तीत दोन मिनिटे वाया जातात असे वाटते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक तक्रारींचा उलगडा माझ्याकडे तेथेच झाला आहे.

शेवटी माझ्या बालरोगतज्ज्ञ मित्रांना एक विनंती. सर्व्हर कितीही नीट चालत असला, तरी वीज जाते, जाळे तुटते आणि घाटात मोबाइलची रेंज मिळत नाही. म्हणून सिकलसेलच्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर नेहमीचे हिमोग्लोबिन, प्लीहेचे सेंटिमीटरमधील माप, रक्तगट आणि चालू औषधाची मात्रा हे चार आकडे दर भेटीस शाईने लिहून द्यावेत, आणि कार्ड लग्नाला जातानाही बरोबर नेण्यास आईला आवर्जून सांगावे.